'हे काय?' विचारणं सोडलं तेव्हा

आधीच माफी मागते. माझं अक्षर चांगलं नाही आणि वेलांट्या मनाला येतील तशा पडतात. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते एकदम मुलांच्या डब्यांवर नावं लिहायला. म्हणून नावं मला बरी लिहिता येतात, मोठं वाक्य आलं की हात अडतो. पालक वाचून झालेले दिवाळी अंक माझ्याकडे टाकून जायचे. त्यात कोणी नर्स, कोणी स्टेशनमास्तर आपापल्या कामाचं लिहितात. वाचून वाटलं, आपलंही एकदा लिहून बघावं. छापायला द्यायचं नाही. कोणाला दाखवायचं की नाही, तेही ठरवलेलं नाही.

मी हिंजवडीला पाळणाघर चालवायची. आमच्या गावाच्या शेतात कंपन्या उभ्या राहिल्या. आमचं घर तेवढं जागेवर राहिलं. वरच्या खोल्या कॉम्प्युटरवाल्या मुलामुलींना भाड्याने दिल्या आणि खालच्या दोन खोल्यांत पाळणाघर सुरू केलं. ते काही ठरवून केलेलं नाही. वरच्या भाडेकरूंपैकी एका बाईची रजा संपली आणि ती बाळ माझ्या मांडीवर ठेवून कंपनीच्या बसमागे पळाली. संध्याकाळी ती आली तेव्हा बाळ खाऊन-पिऊन झोपलं होतं. तिने दुसऱ्या दिवशी एक मैत्रीण आणली, त्या मैत्रिणीने आणखी एक.

बाहेरच्यांना वाटतं, पाळणाघर म्हणजे मुलं सांभाळणं. सांभाळणं सोपं आहे. खरं काम ओळखण्याचं आहे. कोणाचं रडणं भुकेचं, कोणाचं झोपेचं, कोणाच्या पोटात दुखतंय आणि कोणाला नुसती आईची आठवण आली आहे, हे रडायला लागायच्या आधी ओळखायचं. त्यात माझा हात कोणी धरला नसता. मुलाने ओठांवरून जीभ फिरवली की माझा पेला पुढे. डोळा चोळला की गोधडी अंथरलेली. 'मावशींकडे मुलाला काही मागावं लागत नाही,' असं बायका एकमेकींना सांगायच्या. हीच माझी जाहिरात. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे घोटाळा झाला तो हिच्यामुळेच.

मग कार्डं आली. जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याची, खेळायच्या पत्त्यांहून मोठी. एका बाजूला चित्र आणि खाली इंग्रजीत नाव. मुलं लवकर बोलावीत, हुशार व्हावीत म्हणून आईवडील ती खोक्यांनी आणायचे. सफरचंद, जिराफ, शिडाची होडी. एक बर्फाचं घर होतं, ते आधी मलाच समजून घ्यावं लागलं. अर्णव म्हणून एक मुलगा होता, त्याच्या वडिलांनी देशांच्या झेंड्यांची कार्डं आणली होती. त्याला नीट चालता येत नव्हतं, पण ब्राझील कुठे म्हटलं की बरोबर बोट ठेवायचा. शू लागली की मात्र नुसता उभा राहायचा आणि मग मी फरशी पुसायची. "मावशी, आता आफ्रिका सुरू करू," त्याचे वडील म्हणाले. आधी शू सुरू करा, असं मनात आलं. तोंडाने मी "बरं" म्हटलं. मला तोंडावर बोलता येत नाही. आधीपासूनच तसं आहे. समोरचा माणूस थांबत नाही, आणि मला शब्द जुळवायला वेळ लागतो.

आता अन्वीचं सांगते.

अन्वीचे आईवडील वर्ध्याकडचे. दोघंही कंपनीत. आईचं नाव प्रणाली, मी प्रणालीताई म्हणायची. अन्वी माझ्याकडे आली तेव्हा नुकती पावलं टाकत होती. पुढे ती धावायला लागली, चढायला लागली, दुसऱ्यांच्या डब्यातलं खायला लागली, पण बोलेना. तिच्या वयाची मुलं माझ्या नावाने घर डोक्यावर घ्यायची. ही नुसती बोट धरून ओढत न्यायची, नाहीतर "ऊं" म्हणायची.

प्रणालीताई संध्याकाळी चपला काढता काढता विचारायच्या, "आज काही बोलली का न मावशी?"

"न्हाई अजून. बोलंल."

"सगळे म्हणतात बोलेल. ही तर बोलूनच नाही राहिली."

वर्ध्याहून सासूबाईंचा दर रविवारी फोन यायचा. त्यांचं म्हणणं, घरात माणसं नाहीत तर पोरगी बोलणार कोणाशी? एकतर नोकरी सोड, नाहीतर पोरगी माझ्याकडे दे. शेवटी त्यांनी सांगूनच टाकलं, की दिवाळीला मी येते, तोवर बोलली नाही तर तिला घेऊन जाते. प्रणालीताईंना दोन्ही नको होतं. शिकताना उधळपट्टी नाही, लग्नानंतर आराम नाही, असं करून त्यांनी ती नोकरी मिळवली होती. आणि पोरीला सोडून राहायचं म्हटलं की त्यांना बोलताच यायचं नाही. मग त्या आणि अन्वी सारख्याच.

मी कंबर कसली. कार्डांचं खोकं काढलं आणि सकाळ-संध्याकाळ अन्वीला समोर बसवलं. "हे काय? हे काय? बघ, हे काय?" कार्डं पटापट दाखवायची असतात असं खोक्यावर लिहिलंय, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. वर आपल्याकडची ती सवय. पाहुणा आला की पोराला पुढे करायचं, "काकांना म्हणून दाखव." मीही केळीवाला आला की अन्वीला पुढे करायची, "केळं म्हण, दादांना केळं म्हणून दाखव." अन्वी माझ्याकडे बघायची, केळीवाल्याकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. काही दिवसांनी कार्डं कमी दिसायला लागली. झाडताना सापडली. तिने एकेक करून कपाटाखाली सरकवली होती.

पहिलं शहाणपण मुलांच्या डॉक्टरांनी केलं. त्यांनी आधी तिचे कान तपासून घ्यायला सांगितले. रिपोर्ट चांगला आला. फोनवर ते ऐकलं तेव्हा मी हातातलं काम टाकून खालीच बसले. बाळाला ऐकू येतंय, एवढी एक गोष्ट बरोबर असली तर बाकी रस्ता सापडतो असं वाटलं. मग त्यांनी बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं, शनिवार पेठेतल्या आपटे मॅडम. प्रणालीताई म्हणाल्या, दिवसभर तुम्ही असता तिच्याजवळ, तुम्हीही चला.

पुस्तकांच्या दुकानावर मॅडमची खोली होती. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मॅडम अन्वीशी जमिनीवर बसून बराच वेळ खेळल्या, मग वर न बघता म्हणाल्या, "दिवसभर हिच्याबरोबर कोण असतं?"

प्रणालीताईंनी माझ्याकडे हात केला.

"मग आपण मागे कशाला बसलात? पुढे या. मी चावत नाही."

मी पुढे गेले. त्यांनी कार्डं कशी दाखवता ते करून दाखवायला सांगितलं. मी पिशवीतून कार्डं काढली आणि सुरू केलं. "हे काय? अन्वी, हे काय? आन हे?"

"आपण पोलिसांत होता का?" मॅडम म्हणाल्या.

"न्हाई," मी म्हटलं. त्या खरंच विचारतायत असं मला वाटलं. प्रणालीताई हसल्या तेव्हा कळलं.

"अहो, चौकीत असे प्रश्न विचारतात. ज्याला उत्तर येत नाही त्याला पुन्हा पुन्हा विचारून उत्तर येत नसतं. बरं, हिला पाणी हवं असलं की ही कसं मागते?"

इथे मला बोलता आलं. ही माझ्या कामातली गोष्ट होती. "मागावंच लागत न्हाई. मला कळतं. ओठावरनं जीभ फिरवली की मी पेला देते. भुकेचं बी तसंच, झोपेचं बी."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "उत्तम. मग ही बोलेल कशाला? मला असं कोणी सांभाळलं असतं तर मीसुद्धा तोंड उघडलं नसतं."

माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असणार. आवाज जरा उतरवून म्हणाल्या, "यात आपली चूक नाही. अशा हातात वाढलेली पुष्कळ मुलं बोलतात. हिला कारण जरा जास्त लागतंय, एवढंच. तिला सगळं समजतं, नजर लावून बघते, खेळते. मला फार काळजी वाटत नाही. कारण द्या तिला."

परतीच्या बसमध्ये प्रणालीताई एकदम हलक्या झाल्या होत्या. काळजी वाटत नाही, हे त्यांना प्रथमच कोणीतरी कारण देऊन सांगितलं होतं. मी खिडकीतून बघत होते. ज्या गोष्टीसाठी बायका माझ्याकडे रांग लावायच्या, नेमकी तीच आडवी आली होती.

मॅडमनी शिकवलं ते असं. खोकं वर ठेवून द्यायचं. जिराफ तिला कधी भेटणार नाही, त्याची घाई नाही. तिच्या दिवसात ज्या वस्तू आहेत त्यांचीच कार्डं करायची, आणि तीही थोडी. अन्वीच्या वडिलांनी कॅमेऱ्याने फोटो काढले. तिचा पिवळा पेला, केळं, तिच्या चपला, अंगणातला झोका, आईची बस. स्टुडिओतून मोठे फोटो करून आणले आणि झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकमध्ये बसवून घेतले. मग पेला तिला दिसेल पण हाताला येणार नाही अशा फळीवर ठेवायचा आणि पेल्याचं कार्ड तिच्या हाताजवळ. तिने कार्ड आणून दिलं की लगेच पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "पाणी. अन्वीला पाणी." विचारायचं काही नाही. आपण नाव सांगायचं, तिच्या तोंडासमोर तोंड आणून गप्प बसायचं आणि वाट बघायची. कधी कधी मुद्दाम चुकायचं, केळं मागितलं तर चप्पल द्यायची. चुकलेल्या माणसाला सांगावंसं वाटतं, मोठ्यांनाही वाटतं.

ऐकायला सोपं होतं. तोंड गप्प ठेवणं मला जन्मभर जमलेलं होतं. हात गप्प ठेवता येईनात. तिने जीभ फिरवली की हात आपोआप फळीकडे जायचा. मी पदराची गाठ मुठीत धरून बसायची. पहिलं कार्ड तिने झोक्याचं आणून दिलं. माझ्या मांडीवर ठेवलं आणि अंगणाकडे बघितलं. मी तिला इतके झोके दिले की दुसरी मुलं भांडायला आली.

पण मग मला हाव सुटली. कार्ड तर देते, आता शब्द आला पाहिजे. दिवाळी जवळ येत होती. एके दुपारी तिने पेल्याचं कार्ड दिलं, तर मी पेला हातात धरला आणि थांबले. म्हण पाणी. तिने दुसऱ्यांदा कार्ड दिलं. मी थांबले. ती रडायला लागली तरी थांबले. नेमके त्या दिवशी तिचे वडील लवकर आले आणि दारात उभे राहिले.

"मावशी, पाणी द्या तिला आधी."

मी दिलं.

"काय चाललंय हे?"

सांगायला पुष्कळ होतं. कार्डाचं, वाट बघण्याचं, दिवाळीचं. तोंडातून एवढंच आलं, "मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमनी पोरीला तहानेलं ठेवायला सांगितलं?"

ते तिला उचलून घेऊन गेले. चपलाही घातल्या नाहीत, हातात घेतल्या. रात्री त्यांनी वर्ध्याला फोन करून आईला लवकर यायला सांगितलं.

सकाळी प्रणालीताई एकट्याच आल्या. मला वाटलं, डबा आणि कपडे न्यायला. त्या पायरीवर बसल्या. "आई पुढच्या आठवड्यात येऊन राहिल्या. मावशी, खरं सांगा, किती वेळ धरला होता पेला?"

"रडू येईस्तोवर."

त्यांनी मोबाइलवर आपटे मॅडमना फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. मी कसंबसं सांगितलं. मॅडम मधे बोलल्या नाहीत, हे त्यांचं मला नेहमी आवडलं.

मग म्हणाल्या, "अहो, थांबा म्हणजे छळा असं नव्हे. मनात तिचं नाव घ्यायचं, आडनावासकट, आणि देऊन टाकायचं. कार्ड दिलं म्हणजे तिने मागितलं. तिचं काम झालं. शब्द म्हणायचा तो आपण. आणि अन्नपाण्यावर आता काही करू नका. जे करायचं ते खेळात. खेळात अडवलं तर मूल चिडेल, घाबरणार नाही."

मी "बरं" म्हटलं. या वेळी मनापासून.

आजी घेऊन जाईपर्यंत अन्वी माझ्याकडे येईल, एवढं प्रणालीताईंनी नवऱ्याकडून कबूल करून घेतलं. पाणी मी तिला आता कार्ड दिल्यावर लगेच देत होते, कधी तिने कार्ड न देताही. आणि अंगणात मी दुकान मांडलं. पाट उलटा टाकला, त्यावर कार्डं मांडली. पैसे म्हणून चिंचोके घेतले असते, पण लहान मुलं ते तोंडात घालतात, घशात अडकतात. म्हणून मिठाईच्या खोक्याच्या मोठ्या गोल चकत्या कापल्या. अन्वी चकती द्यायची, कार्ड घ्यायची, कार्ड दाखवलं की वस्तू मिळायची. दुकान बंद करताना मी तिच्या सगळ्या चकत्या परत करायची. उद्याच्या खरेदीला नकोत का? हा आमच्या दुकानाचा नियम.

मी दुकानदार फार वाईट होते. केळ्याचे पैसे घेऊन चप्पल द्यायची. बसचे पैसे घेऊन झोपून जायची. तिसऱ्या की चौथ्या खरेदीला अन्वीने चप्पल माझ्याकडे परत ढकलली आणि म्हणाली, "न्ना." मी म्हटलं, "नको? चप्पल नको. बरं, केळं." चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. मॅडमनी सांगितलं होतं, टाळ्या वाजवू नका, ती काही सर्कशीत नाही. त्यानंतर "दे" आलं. मग "केअं." संध्याकाळी मी प्रणालीताईंना सांगितलं, तर त्या फाटकाला धरून उभ्याच राहिल्या. नवऱ्याला फोन लावला आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर यांना बोलता येईना. मीच फोन घेतला आणि सांगितलं.

पण हे सगळं माझ्यासमोर आणि खेळात. आजी आल्या आणि त्यांनी अन्वीला मांडीवर घेतलं. "अन्वे, आजी म्हण. म्हण बरं, आ-जी." अन्वीने भिंतीकडे तोंड केलं. चार दिवस तेच. आजी वाईट बाई नव्हत्या. नातीसाठी त्यांचा जीव तुटत होता. पाचव्या दिवशी त्या प्रणालीताईंना घेऊन माझ्याकडे आल्या, अन्वीचे कपडे, वाटी-चमचा न्यायला. हातात रिकामी पिशवी होती.

दुकान नेमकं चालू होतं. आजी पायरीवर टेकल्या. माझ्याच्याने मान वर करवेना. मी विकत राहिले. केळं गेलं, झोका गेला. अन्वीच्या हातातल्या चकत्या संपल्या, सगळ्या माझ्याकडे आल्या. मग मी कार्डं गोळा केली, "दुकान बंद" म्हटलं, आणि पैसे परत न करता चकत्यांवर हात ठेवून बसले.

अन्वीने हात पुढे केला. मी तिच्याकडे बघत राहिले. तिचं नाव मनात घेतलं, आडनावासकट.

"अवो बाई, द्या न तिचे," आजी म्हणाल्या.

मी हात वर करून त्यांना थांबवलं. वयाने मोठ्या, सासूच्या जागी असलेल्या बाईला मी असं थांबवलं, हे आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. त्या थांबल्या.

"मावशी," अन्वी म्हणाली.

आजवर तिने मला कधी हाक मारली नव्हती. मी बसल्या जागी घट्ट राहिले.

"मावशी, पैसे."

मी एक चकती दिली. तिने ती बघितली, मग माझ्या हाताकडे बघितलं. भुवया वाकड्या झाल्या.

"अजून दे."

आणखी दोन दिल्या. प्रणालीताईंनी दाराची चौकट धरली होती. आजींनी पदर तोंडाला लावला होता, हसायला की रडायला ते मला दिसलं नाही.

"सगळे," अन्वी म्हणाली. आवाज चांगला मोठा होता, भांडणाचा. मी हाताखालच्या उरलेल्या तिच्यापुढे सरकवल्या.

"हिशोबाची पक्की हाये," आजी म्हणाल्या. "माह्यावर गेली." मग रिकामी पिशवी घडी करून त्यांनी कमरेला खोचली आणि सुनेला म्हणाल्या, "राहू दे इथंच. तिकडे कोन हिच्याशी एवढा येवहार करन?"

एवढ्यात अन्वीला माझ्या गुडघ्याखालून एका चकतीची कड दिसली. तिने गुडघा ढकलला. मी गुडघा उचलला, ती चकती काढली, पदराने पुसली आणि तिच्या हातावर ठेवली. तिने सगळ्या चकत्या दोन्ही हातांत घट्ट धरल्या, माझ्या हातात आता काही उरलं नाही ना ते वाकून बघितलं, आणि आईकडे गेली.